संघ, संच आणि उरलेले

संघ बांधणाऱ्याचे कर्तव्य कोणाशी असते? ज्यांना त्याने निवडले त्यांच्याशी, की जे मागे उरले त्यांच्याशीही? तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न शाळेनेच घालायला हवा होता. माझ्या बाबतीत तो घातला मोबाईलवरच्या पत्त्यांच्या एका खेळाने.

माझा पुतण्या हुबळीला इंजिनिअरिंगला आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला, तेव्हा फराळाची बशी पुढ्यात आणि डोळे मोबाईलमध्ये असा त्याचा थाट. रागावण्यापूर्वी समजून घ्यावे, या मास्तरी सवयीने मी शेजारी बसलो आणि म्हटले, "काय चाललंय ते मलाही दाखव."

खेळाचे नाव हार्थस्टोन. अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीने तो २०१४ साली आणला. आपल्या रमीत बावन्न पाने सर्वांना सारखीच. इथे मात्र प्रत्येक खेळाडू स्वतःचा साठा जमवतो आणि त्यातून साधारणपणे ३० पत्ते निवडून आपला संच बांधतो. एका पत्त्याच्या दोनच प्रती घेता येतात. सर्वांत दुर्मिळ अशा ‘लेजंडरी’ पत्त्याची तर एकच. पत्ता टाकायचा तर त्याची किंमत स्फटिकांत मोजावी लागते. पहिल्या पाळीला एक स्फटिक मिळतो, दुसरीला दोन, असे वाढत दहापर्यंत.

नवशिका खेळाडू बलाढ्य पत्ते तेवढे वेचून संचात कोंबतो. पुतण्यानेही सुरुवातीला तेच केले होते. आठ-नऊ स्फटिकांचे महारथी हातात धरून पहिल्या चार-पाच पाळ्या तो नुसता बसून राही, आणि तोवर समोरच्याच्या किरकोळ शिपायांनी निम्मी लढाई मारलेली असे. हरून हरून तो शहाणा झाला. आता त्याच्या संचात एक-दोन स्फटिकांचे पुष्कळ, मधल्या किमतीचे बरेच आणि महारथी दोन-तीनच होते.

"काका, संच म्हणजे मोठ्यांची यादी नव्हे. कोण कधी उपयोगी पडेल, याचा हिशेब असतो," तो म्हणाला.

हा हिशेब जुना आहे. या खेळांचा पूर्वज म्हणजे रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला, १९९३ साली आलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा कागदी पत्त्यांचा खेळ. १९९६ मध्ये पॉल स्लाय नावाच्या खेळाडूने जे श्नायडर याच्या कल्पनेचा संच घेऊन एका पात्रता स्पर्धेत थेट दुसरा क्रमांक मिळवला. त्या संचातले कित्येक पत्ते लोकांनी टाकाऊ ठरवलेले होते. त्यातला एक सैनिक तर असा, की बलवान शत्रू चालून आला तर त्याला अडवता येऊ नये! पण स्वस्त पत्ते असे लावले होते, की एकही पाळी वाया जाऊ नये. तो संच आजही स्लायच्या नावाने ओळखला जातो.

हे ऐकून मी खूष झालो. कोणीही अयोग्य नसतो, योजक तेवढा दुर्लभ असतो, हे तर आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगत आलो. त्याला परदेशी पुरावा मिळाला. सोमवारच्या प्रार्थनेनंतरचे भाषण मनात तयारही झाले.

तेवढ्यात पुतण्याने दुसरा पडदा उघडला. एकेक पत्ता बोटाने दाबला की तो फुटायचा आणि आकडा वाढायचा.

"हे काय करतोस?"

"नको असलेल्यांची धूळ करतोय. एक लेजंडरी बनवायला १६०० धूळ लागते. साधा पत्ता मोडला की ५ मिळते."

मी मनात भागाकार केला. एका महारथीसाठी ३२० साधे पत्ते मोडायचे. पुतण्याचे यात काहीच चुकत नव्हते. पत्त्याला घर नसते, त्याची आई फाटकाशी उभी राहत नाही. तरी माझे भाषण मनातल्या मनात विरून गेले, कारण मला एक मुलगा आठवला.

तेव्हा मी ज्या शाळेत शिक्षक होतो, तिथे दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक दारावर लागत असे. तो टिकवण्याची रीत ठरलेली होती. नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून सांगायचे, "याचा दाखला घ्या, बाहेरून परीक्षेला बसवा, त्याच्याच हिताचे आहे." हा मुलगा कन्नडच्या पेपरात अडत असे. त्याच्या वडिलांना हे समजावण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते नीट पार पाडले. मुलगा परीक्षेला बसलाच नाही.

पुढे तो मोठा उद्योजक झाला असे सांगता आले असते, तर हा लेख सोपा झाला असता. तसे घडले नाही. पुष्कळ वर्षांनी मार्केट यार्डात तो पाठीवर पोते घेऊन जाताना दिसला. पोते उतरवून त्याने नमस्कार केला आणि अगदी सरळपणे विचारले, "सर, त्या साली निकाल शंभर टक्के लागला न्हवं?"

निकाल शंभर टक्के लागला होता.

आमच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. सीमाभागातली मराठी शाळा पटसंख्येवर जगते. निकाल घसरला की पालक मुलांना इंग्रजी किंवा कन्नड शाळेत घालतात. वर्ग रिकामे होतात आणि सर्वांचेच नुकसान होते. ही भीती खोटी नाही. पण ज्यांच्यासाठी शाळा वाचवायची, त्यांनाच बाहेर ठेवून वाचवली तर वाचले काय? फलक आणि इमारत.

शिवाय योजकाचे ते वचनही मला आता अपुरे वाटते. दुबळाही कुठेतरी उपयोगी पडतो, म्हणून त्याला जागा द्या, असे आपण म्हणतो. मग जो कुठेच उपयोगी पडणार नाही, त्याचे काय? कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात बजावले आहे, की माणसाला नुसते साधन म्हणून कधी वापरू नये. एम.ए.ला हे वाक्य मी पाठ केले होते. मुलाची वर्गातली जागा त्याच्या उपयोगावर ठरत नाही, हा त्याचा साधा अर्थ समजायला मार्केट यार्डात जावे लागले.

म्हणून निवड करूच नये का? तसे नाही. कबड्डीला मैदानात सातच उतरतात आणि ते चांगले खेळणारेच असावेत. पण न निवडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात आपल्या बाकावर बसलेला असतो. त्या खेळातसुद्धा संचाबाहेरचे पत्ते साठ्यात राहतातच. त्यांची धूळ करणे हा वेगळा निर्णय असतो. संघात न घेणे आणि मोडून टाकणे यांतले अंतर आम्ही विसरलो होतो. सामन्यासाठी संघ निवडावा. शाळेला मात्र संघ समजू नये.

आता मी मुख्याध्यापक आहे. नववीचा निकाल लागला की कच्च्या मुलांची यादी माझ्याही टेबलावर येते. दाखले काढण्याऐवजी आम्ही त्या मुलांना कन्नडच्या जादा तासाला बसवतो. काही पास होतात, काही होत नाहीत. फलकावर शंभर लिहिता येत नाही, आणि पालकसभेत त्याबद्दल मला विचारतात. मी सांगतो, "जे नापास झाले, तेही आपल्याच शाळेतून परीक्षेला बसले होते." सगळ्यांना हे उत्तर पटते असे नाही. त्या मुलाला द्यायचे उत्तर मात्र माझ्याजवळ अजून नाही.