एका वाटीचे गोडधोड

स्वतःपुरती एक वाटी गोडधोड करून खाल्ली, तर त्यात नीतीचा प्रश्न तो कोणता, असे कोणीही विचारील. चोरी नाही, लबाडी नाही, कोणाचे काही हिरावून घेतलेले नाही. तरीही हा प्रश्न एकदा शांतपणे उलगडून पाहावा, असे आम्हांला वाटते. याचे कारण असे की, आमच्या वसईकडच्या घरांतून आता एक नवे यंत्र ओट्यावर येऊन बसले आहे, आणि त्याच्याबरोबर खाण्याची एक नवी रीतही घरात आली आहे. यंत्राचे नाव एअर फ्रायर, आणि रीत अशी की, ज्याला ज्या क्षणी इच्छा होईल त्याने त्या क्षणी आपल्यापुरते गोड करून घ्यावे.

फिलिप्स कंपनीने २०१० साली या नावाचे यंत्र बाजारात आणले. नावात तळण असले, तरी ते तळत नाही. वरच्या बाजूस विजेवर तापणारी तार, तिच्यावर पंखा आणि खाली जाळीचे भांडे, एवढीच त्याची रचना. पंखा तापलेली हवा वेगाने पदार्थाभोवती खेळवतो. थोडक्यात, ती एक आटोपशीर भट्टी आहे. या भट्टीत तरुण मुले चॉकलेटचा जो केक करतात, त्याची कृती आम्ही समजून घेतली. चार चमचे मैदा, दोन चमचे कोको, तीन चमचे साखर, चिमूटभर बेकिंग पावडर, मिठाचा कण, चार चमचे दूध आणि दोन चमचे वितळलेले लोणी. हे सारे स्टीलच्या वाटीतच ढवळायचे, मधोमध चॉकलेटची एक वडी खुपसायची आणि वाटी १७० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवायची. उष्णता वरून येते, म्हणून वरचा थर आधी धरतो आणि आतले चॉकलेट वितळून राहते. या कृतीत अंडे नाही. एका वाटीला एक अंडे जास्त होते, आणि अंडे काही अर्धे फोडता येत नाही. ही बारीकशी गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटली. तिच्याकडे पुढे येऊ.

खाण्यापिण्याच्या अशा किरकोळ बाबीत धर्मगुरूने लक्ष घालावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. परंतु चॉकलेटच्या बाबतीत तरी ही परंपरा जुनी आहे. चॉकलेट मेक्सिकोतून स्पेनमध्ये आले ते पेय म्हणून. उपवासाच्या दिवशी ते प्यावे की पिऊ नये, असा वाद उभा राहिला. १६३६ साली माद्रिदमध्ये अंतोनियो द लेओन पिनेलो या विद्वानाने या एकाच प्रश्नावर अख्खा ग्रंथ छापला. १६६४ साली कार्डिनल ब्रांकाच्चो यांनीही त्यावर प्रबंध लिहिला, आणि पेयाने उपवास मोडत नाही या जुन्या नियमाच्या आधारे चॉकलेट पिणाऱ्यांना दिलासा दिला. आज या वादाचे हसू येते. पण त्या मंडळींची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्या गोष्टी माणूस दररोज, विचार न करता करतो, त्यांतूनच त्याचा स्वभाव घडतो, हे त्यांनी ओळखले होते.

सेमिनरीत असताना आम्हांला खादाडपणाचे पाच प्रकार शिकवले गेले. सहाव्या शतकातील पोप महान ग्रेगरी यांनी ते सांगितले, आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ग्रंथात त्यांचे विवेचन केले. वेळेआधी खाणे, महागामोलाचे खाणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशासारखे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे, असे ते पाच. आमच्या वाटीला या पाच कसोट्या लावून पाहू. प्रमाणाच्या बाबतीत वाटी निर्दोष ठरते. उलट, डब्यात अर्धा किलो केक उरला म्हणजे येता-जाता तुकडा तोंडात टाकला जातो. येथे वाटी संपली की खाणे संपले. खर्चही मोठा नाही, आणि चोखंदळपणा तर मुळीच नाही. उरल्या दोन कसोट्या, वेळेची आणि हावेची.

दहा मिनिटांत होणारा पदार्थ घाईचा म्हणून सदोष, असे आम्ही म्हणणार नाही. सकाळी लोकलने चर्चगेटला जाऊन रात्री आठला नालासोपाऱ्यास परतणाऱ्या आईला दहा मिनिटे वाचवणारे यंत्र म्हणजे उपकारच आहे. लवकर शिजणे वेगळे आणि वेळेआधी खाणे वेगळे. वेळेआधी खाणे म्हणजे ताटावर बसण्याची वेळ येईपर्यंत थांबण्याची ताकदच नसणे. पूर्वी गोडाला थांबावे लागे. नाताळ यायचा, नारळ फोडले जायचे, घरभर वास दरवळायचा आणि मुले आशेने दाराशी घुटमळायची. इच्छा आणि तिची पूर्ती यांच्यामध्ये जो अवधी असे, त्यात मूल दुसऱ्याचाही विचार करायला शिकत असे. तो अवधी आता दहा मिनिटांवर आला आहे. आमची काळजी एवढ्यापुरती आहे.

आता एक लक्षणीय गोष्ट. या पाचही प्रकारांत ‘एकट्याने खाणे’ हा प्रकार नाही. मग एकट्याने खाणे निर्दोष समजावे काय? या प्रश्नावर पवित्र शास्त्रात बोलले आहेत ते संत पौल. करिंथ येथील ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनासाठी जमत, पण प्रत्येक जण आपापले जेवण उरकून घेई. एकाचे पोट भरलेले आणि शेजारचा उपाशी, अशी तेथील गत. त्यावर पौलाने त्यांना खडसावले. त्याचा रोख कोठे आहे, ते पाहा. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, हे त्याचे म्हणणे. तेव्हा कसोटी ही की, माझ्या खाण्याने माझ्या शेजारी बसलेला कोणी वगळला जातो काय?

ही कसोटी घेऊन आपल्या जुन्या गोडधोडाकडे पाहू. आमच्या धर्मग्रामात गोव्याहून आलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या बिबिंकेचे उदाहरण घ्या. नारळाचे दूध, साखर, मैदा, तूप आणि डझनाने अंड्यांचे बलक. मातीच्या भांड्यावरच्या झाकणात निखारे ठेवायचे आणि वरून येणाऱ्या धगीवर एकेक थर भाजायचा. सात थर तरी हवेतच, हौशी घरांतून सोळाही होतात. धग वरून यावी, ही एअर फ्रायरची युक्ती आपल्या आजींना ठाऊक होती म्हणायची. दोदोलचेही तसेच. काळा गूळ, तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध तासन्‌तास घोटावे लागते. असे पदार्थ एकट्यापुरते करताच येत नाहीत. त्यांचे मापच असे की, ते वाटावेच लागतात. म्हणून नाताळात कुसवाराची ताटे घरोघर जात, शेजारच्या हिंदू घरी जात, आणि ताट रिकामे परत पाठवू नये म्हणून दिवाळीच्या करंज्या आपल्याकडे येत. मराठीत या देवघेवीला वानवळा असा सुंदर शब्द आहे. औदार्य जणू पदार्थाच्या मापातच घातलेले असे. मनाने कंजूष असलेला माणूसही बिबिंका एकट्याने संपवू शकत नव्हता.

अंडे न घालणारी वाटी नेमके हेच काढून टाकते. तिच्यात उरण्यासारखे काही नाही, म्हणून देण्यासारखेही काही नाही. घरात चार माणसे आहेत. मुलगा अभ्यास करता करता रात्री अकराला आपली वाटी करतो, मुलगी दुपारी चारला, वडील क्रिकेटचा सामना पाहताना. कोणी कोणाचे हिसकावले नाही, भांडण नाही, तक्रार नाही. पण त्या आठवड्यात ती चौघे एका गोडाभोवती एकदाही बसली नाहीत. ‘थोडे तुला, थोडे मला’ म्हणताना होणारी किरकोळ कुरबूर, धाकट्याला मिळालेला मोठा तुकडा, आजीने स्वतःच्या वाट्यातून काढून दिलेला घास, हे सारे त्या घरातून हळूच निघून गेले. ते गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही.

परंतु जुन्या काळाचे गोडवे गाताना एक सत्य लपवू नये. ते दोदोल घोटायला धुराने डोळे चोळत कोण उभे असे? पंगत उठल्यावर भांड्याच्या कडा खरवडून खाणारी कोण असे? घरातील बाई. तिच्या हातचे सर्वांनी वाटून खाल्ले, आणि त्या वाटणीत तिचा वाटा पुष्कळदा नव्हताच. वाटून खाण्याच्या संस्कृतीतही कोणीतरी वगळले जात होते. अशा बाईने एखाद्या दुपारी, घर सामसूम असताना, दहा मिनिटांत आपल्यासाठी गरम चॉकलेटची वाटी केली आणि पाय पसरून, सावकाश खाल्ली, तर आम्ही तिला स्वार्थी म्हणणार नाही. पौलाची कसोटी येथे तिच्याच बाजूने उभी राहते.

आणखी एक वर्ग आहे. आमच्या धर्मग्रामात मोठमोठी घरे आहेत, आणि त्यांत एकेकच वृद्ध माणूस राहतो. मुले कॅनडात, आखातात, ऑस्ट्रेलियात. आजाऱ्यांना पवित्र कम्युनिअन द्यायला आम्ही जातो, तेव्हा कानावर येणारे एक वाक्य ठरलेले आहे : “एकटीसाठी काय करायचं, फादर?” मग चहा आणि बटर, कालचा भात, नाहीतर काहीच नाही. एका भगिनीने तर पती वारल्यापासून चूलच जवळजवळ बंद केली होती. नातीने येताना हे यंत्र आणले आणि वाटीची कृती शिकवून ती परत गेली. आता दर रविवारी मिस्सानंतर बाई आपल्यापुरता केक करतात, साखर डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घालतात. त्या आम्हांला म्हणाल्या, “फादर, वाटी धुताना बरं वाटतं. घरात कोणीतरी जेवलं असं वाटतं.” त्या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. एकट्या माणसाने स्वतःसाठी काही नीट करून खाणे, म्हणजे आपण अजून या घरात आहोत आणि आपली कोणी काळजी घेतली पाहिजे, याला दिलेली मान्यता आहे. सुखाला पाठ फिरवणे म्हणजे सद्‌गुण, असे संत थॉमस अक्विनास मानत नाहीत. देवाने निर्माण केलेल्या आनंदांविषयी मुद्दाम बधिर होणे हाही त्यांच्या मते दोषच.

राजांच्या पहिल्या ग्रंथातील एलिया संदेष्ट्याची कथा अशा वेळी आठवते. रानात एका झुडपाखाली तो मरण मागत पडला आहे, एकटाच. देवदूत त्याला उपदेश करत नाही. त्याला हलवून उठवतो आणि निखाऱ्यांवर भाजलेली एक भाकर व पाण्याचे भांडे दाखवतो. एका माणसापुरतेच अन्न, पण गरम आणि त्याच्यासाठी म्हणून केलेले. त्या बळावर तो होरेब पर्वतापर्यंत चाळीस दिवस चालत गेला. धर्मगुरूंच्या निवासातही जेवणाच्या मेजावर पुष्कळदा एकच ताट असते, म्हणून ही कथा आम्हांला अधिक जवळची वाटते.

शेवटी आणखी एक विचार. एका वाटीमागे खरोखर एकच माणूस असतो काय? मध्यभागी वितळलेले चॉकलेट असलेला केक फ्रान्समधील मिशेल ब्रास या पाककुशल गृहस्थाने १९८१ साली सिद्ध केला. बर्फातून हिंडून थंडीने कुडकुडत घरी आलेले आपले कुटुंब गरम चॉकलेट पिऊन खुलले, त्या प्रसंगातून ही कल्पना आपल्याला सुचली, असे त्याने सांगितले आहे. म्हणजे या एकट्याच्या गोडाचा उगमही एका कुटुंबाच्या घोळक्यात आहे. दुसरीकडे, जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, आणि तेथील बागांत लहान मुले राबतात. २००१ साली चॉकलेट उद्योगाने ही प्रथा तिच्या सर्वांत वाईट रूपांत तरी संपवण्याचा करार केला, परंतु ती अद्याप संपलेली नाही. ज्या मुलाने कोकोचे फळ कोयत्याने फोडले, त्याने चॉकलेट चाखलेही नसेल. वगळलेला माणूस नेहमीच आपल्या स्वयंपाकघरात उभा असतो, असे नाही.

तेव्हा यंत्राला दोष देऊ नये, आणि वाटीलाही देऊ नये. पदार्थाचे माप पूर्वी आपल्याकडून जे करवून घेत होते, ते आता आपल्याला आपणहून ठरवून करावे लागेल, एवढाच फरक पडला आहे. जे घरी एकटे आहेत त्यांनी खुशाल करावे, आणि चांगल्या वाटीत, मेजावर बसून खावे. ज्यांच्या घरी माणसे आहेत त्यांनी बटण दाबण्यापूर्वी एकदा हाक मारून विचारावे की, आणखी कोणाला हवे आहे काय. भांडे जरा मोठे असेल, तर त्यात दोन वाट्या शेजारी शेजारी बसतात, आणि दुसऱ्या वाटीला वेगळी दहा मिनिटे लागत नाहीत. घरात कोणी नको म्हणाले, तर ती दुसरी वाटी बशीने झाकून, गरम आहे तोवर, आळीतल्या त्या मोठ्या घरी नेऊन द्यावी, जेथे संध्याकाळी एकाच खोलीत दिवा लागतो.