शक्ती सोडून मिळणारा भरवसा

इलेक्ट्रॉनिक सर्किटांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थी एका धड्यापाशी हमखास थबकतो. क्षीण संदेश लाखपट मोठा करणारा अँप्लिफायर त्याच्या हाती आलेला असतो. आणि पाठ्यपुस्तक म्हणते, बाहेर पडणाऱ्या संदेशाचा शंभरावा अंश माघारी आणून मूळ संदेशातून वजा करा. याला ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतात. असे करताच लाखपटीची शक्ती जेमतेम शंभरपटीवर येते. लाभलेले सामर्थ्य असे का घालवावे?

हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला ही युक्ती २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडताना फेरीबोटीत सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच उतरवली. लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी एकामागून एक अँप्लिफायर जोडावे लागत व प्रत्येकाचा लहानसा दोष साचत जाऊन आवाज बिघडे. फीडबॅक जोडल्यावर मात्र मूळ शक्ती लाखावरून पन्नास हजारांवर घसरली, तरी प्रत्यक्ष वाढ ९९.९ पटीवरून केवळ ९९.८ पटीवर येते. शक्ती गेली, भरवसा आला.

आपणही आपल्या शक्तीला जपतो आणि आपल्या कृतीचे पडसाद आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी विवेकबुद्धीची तपासणी करताना आपण लहान होऊ, अशी भीती वाटते. लहान होतो, हे खरेच आहे. परंतु त्यामुळेच इतरांना आपल्यावर विसंबता येते.

तथापि हाच अभ्यासक्रम पुढे एक इशाराही देतो. माघारी येणारा अंश अर्ध्या आवर्तनाने उशिरा पोहोचला आणि त्यात पुरेसा जोर असला, तर तो वजा न होता मिळवला जातो. सर्किट आपोआप कंप पावू लागते. दुरुस्तीच दोष बनते. बंधूची चूक वर्षानुवर्षे मनात साठवून ती एके दिवशी भर सभेत उगाळली, तर याहून वेगळे काय घडते? मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्या बंधूकडे प्रथम एकांतात जाण्यास सांगितले आहे, ते उगाच नव्हे.

सर्किटात माघारी येणारी तार अभियंता जोडतो. आपल्याला मात्र ती स्वतःच जोडून घ्यावी लागते आणि रोज जोडलेली ठेवावी लागते.