‘लागू नाही’

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांडीखाली बसून मी प्रश्नावली भरत होते. होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, इंजिनाचे सिलिंडर, वादळात झालेलं नुकसान. समोरच्या मावशींकडे होडी नव्हती. मी तीन रकान्यांत ‘लागू नाही’ लिहिलं. त्या म्हणाल्या, “मग मला इचारतेस कशाला, बाय?”

बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचा खर्च कुणी सोसायचा, हा माझ्या संशोधनाचा प्रश्न. त्याचं उत्तर मी प्रश्नावली छापतानाच देऊन बसले होते.

2019 च्या ऑक्टोबरातलं ‘क्यार’ घ्या. ते महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धडकलंच नाही, समुद्रातच विरलं. पाठोपाठ ‘महा’ आलं. बावटा लागला की होड्या बंदरात राहतात, माणसं वाचतात. यात वाद नाही. पण त्या वाचलेल्या दिवसांचे पैसे कोण देतं? खलाशी वाट्यावर जातो; होडी हलली नाही तर वाटाही नाही. मासळी आली नाही की वलांडी रिकामी, आणि अवकाळी पाऊस झाला तर टांगलेला बोंबीलही कुजतो. 2020 मध्ये राज्य सरकारनं मदत जाहीर केली. यांत्रिक नौकांची रक्कम सिलिंडरांवर ठरली. लहान मासेविक्रेत्यांना दोन शीतपेट्यांसाठी 3,000 रुपये. दखल घेतली, हे मी कमी लेखत नाही. पण बुडाली होती ती कमाई, पेटी नव्हे.

जुडिथ श्क्लार यांनी 1990 च्या ‘द फेसेस ऑफ इनजस्टिस’मध्ये दुर्दैव आणि अन्याय यांच्यातली रेषा तपासली आहे. ज्याला सोसावं लागलं त्याचं ऐकल्याशिवाय ती आखता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वादळाला दुर्दैव म्हणू (तेही आता पुरतं खरं नाही, समुद्र काही आपोआप तापलेला नाही). रकाना मात्र कुणीतरी आखलेला असतो. इथे तो मी आखला होता.

होडीला नंबर असतो, बोंबलाला नसतो, मग नुकसान सिद्ध कसं करणार, असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं. आक्षेप खोटा नाही. पण मोजता येत नाही म्हणून शून्य लिहिलं, तरी तो आकडाच झाला, आणि तो चूक आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या खेपेला कोरी वही नेली. किती काठ्या, मजूर बाईचा रोज, पावसानं गेलेले दिवस, मावशी सांगत गेल्या. मधेच थांबून म्हणाल्या, “यानं पैसे मिळतील?”

“नाही, मावशी.”

थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “लिही. दिवाळीआधीचे आठ दिवस राहिले.”