स्वस्त तिकीट आणि समुद्रोल्लंघनाचा दोष

समुद्रप्रवास हे बौधायन धर्मसूत्रात पातित्य आणणारे कर्म मानले आहे. प्रायश्चित्त तीन वर्षांचे: दर चौथ्या जेवणवेळी थोडेसे अन्न, त्रिकाळ स्नान, दिवसा उभे राहणे, रात्र बसून काढणे. मात्र समुद्रगमन हा उत्तरेकडचा आचार असल्याचेही हेच सूत्र नोंदवते. निषेध तेव्हाही सर्वमान्य नव्हता. पुढे लोकमान्य टिळकही १९१८ मध्ये पत्रकार चिरोल यांच्याविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी समुद्र ओलांडून विलायतेला गेले, तरी १९२४ मध्ये पुण्याच्या मंडईत त्यांचा पुतळा उभा राहिला.

त्या पुतळ्याजवळ मेथीच्या जुडीचा भाव पाडून घेणारा गृहस्थ आज मॉरिशसचे तिकीटही तसेच पारखतो. एकाच रांगेतल्या दोन खुर्च्यांचे भाडे वेगळे असते, कारण स्वस्त गटातल्या जागा सहसा आधी संपतात. शाळेच्या सुट्ट्या टाळल्या, वाटेत विमान बदलायची तयारी ठेवली, की भाडे बहुधा उतरते. ही काटकसर गृहस्थधर्माला धरूनच आहे. दोष असलाच तर ऋण काढून केलेल्या मौजेत.

समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो, हे तर मॉरिशसनेच खोटे ठरवले. एकोणिसाव्या शतकात मराठी मजूर करारावर जहाजाने तिथे गेले. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते.