वाडीला किती वेळ द्यावा?

"मामा, वाडीत बघण्यासारखं असं काय आहे? वीस मिनिटं खूप झाली."

भाचा म्युनिकला असतो. सुट्टीत आला आणि कोल्हापूरहून सांगलीला जायचा दिवस त्यानं मोबाइलवर आखून मला दाखवला. सकाळी जोतिबा, मग कुंभोजचे बाहुबली, खिद्रापूर, नृसिंहवाडी, कुरुंदवाडचा घाट, मिरजेत सतार-तंबोऱ्यांची दुकानं, हरिपूरचा संगम आणि शेवटी सांगलीचा गणपती. पन्नासेक किलोमीटरची वाट आणि थांबे आठ! त्यातला जोतिबा तर सांगलीच्या बरोबर उलट दिशेला.

धावतपळत पाहण्याविरुद्ध जे बोललं जातं ते सगळ्यांना पाठ आहे. ते उगाळत नाही. मला खुपली ती वीस मिनिटं. कारण माझ्या हिशेबी ठिकाणं दोन जातींची असतात. काही जागेची, काही वेळेची.

खिद्रापूर जागेचं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढं यादव राजा सिंघणाचा शिलालेखही तिथं लागला. स्वर्गमंडपाच्या डोक्यावर गोल मोकळं आभाळ आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. सकाळी जा, दुपारी जा. उजेड सरकलेला असेल एवढंच, दगड तुमची वाट पाहत उभा आहे. वाडीचं तसं नाही. तिथं डोळे विस्फारावेत असं कोरीवकाम नाही, गगनाला भिडणारं शिखर नाही. औदुंबर, पादुका आणि समोर कृष्णा-पंचगंगेचा संगम. पण पहाटेची काकडआरती, दुपारची महापूजा, रात्रीची पालखी या वेळा चुकल्या की वाडीला जाऊनही वाडी राहूनच गेली म्हणायचं.

आणि वेळेची खरी गंमत पावसाळ्यात. महाबळेश्वर-कोयनेकडं कोसळलेलं पाणी कृष्णेतून येतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीशी पंचगंगा होऊन येतं. दोन्ही वाडीला भेटतात, घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात आणि एखाद्या दिवशी नदी देवळात शिरते. पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा; त्या पाण्यात स्नान करायला लोक मध्यरात्रीसुद्धा धावतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवायची. अर्थात याच पाण्यानं 2005 ला, 2019 ला शिरोळ तालुक्यातली गावं बुडवली, माणसं आणि जनावरं छावण्यांत नेली. सोहळा कुठं संपतो आणि संकट कुठं सुरू होतं, हे इथं काही फुटांवर ठरतं. कुठल्या मोबाइलमध्ये ही तारीख आधी घालून ठेवणार?

भाच्याला हे ऐकवलं आणि वर त्याच्याच मुलखातला दाखला दिला. व्युर्त्सबुर्गपासून फ्युसेनपर्यंतचा 'रोमँटिक रोड' 1950 मध्ये पर्यटकांसाठीच आखला गेला. त्यावर नॉर्डलिंगेन हे तटबंदीचं गाव आहे. तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावरून रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासानं, रखवालदार आजही हाळी देतो. भाचा त्या गावी गेला होता, भर दुपारी. तट पाहिला, मनोऱ्याचा फोटो काढला आणि जेवून पुढं निघाला. हाळीचं त्याला ठाऊकच नव्हतं.

मी जिंकलो असं वाटत होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "मग आजी तर एसटी थांबते तेवढ्यात दर्शन घेऊन परत यायची. तिची वाडी राहून गेली का?"

याला उत्तर सापडेना. आजीची वाडी कधीच राहून गेली नाही. तिच्या दहा मिनिटांमागं वर्षानुवर्षांची गुरुचरित्राची पारायणं होती. ज्यांच्या त्या पादुका, ते नृसिंह सरस्वती औदुंबर गावी एक चातुर्मास राहिले, वाडीला बारा वर्षं, मग गाणगापूरला गेले, हे तिला स्वतःच्या माहेरच्या हकिकतीसारखं माहीत होतं. तिची तयारी घरी झालेली असे. वाडीला ती फक्त डोकं टेकायला येई. म्हणजे किती वेळ लागेल हे ठिकाणावर कमी आणि येणाऱ्याच्या शिदोरीवर जास्त ठरतं. माझी जागेची आणि वेळेची वाटणी खोटी नव्हती, पण तिच्यात माणूसच धरलेला नव्हता.

आता भाच्याचा हिशेब नव्यानं मांडू. त्याच्याकडं पारायणाची शिदोरी नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. त्याला वाडीत दोन तास बसवलं तर पादुकांना नमस्कार करून तो उरलेला वेळ पेढे, बासुंदी आणि कवठाच्या बर्फीतच घालवणार. खिद्रापूर मात्र रिकाम्या हातानं आलेल्यालाही शिकवतं. शंकरासमोर नंदी का नाही? गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर म्हणून विष्णू कसा? देऊळ पाठीवर घेतलेल्या हत्तींच्या रांगेत एकासारखा दुसरा आहे का? हे प्रश्न तिथंच पडतात आणि बरेचसे तिथंच सुटतात. त्यासाठी वेळ लागतो. भाच्यानं खिद्रापूरलाही वीसच मिनिटं ठेवली होती. माझं भांडण तिथं असायला हवं होतं. वाडीची वीस मिनिटं त्याच्यापुरती बरोबर होती, फक्त घड्याळातली जागा चुकली होती.

म्हणून या वाटेनं जाणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. जोतिबाला वेगळा दिवस द्या. मिरजेच्या दुकानात गाडीतलं कुणी गात-वाजवत असेल तरच थांबा. कोल्हापूरहून निघाल्यावर आधी खिद्रापूर गाठा आणि तिथं दोन तास तरी काढा. तिथून सांगलीकडं जाताना वाडी लागतेच. आरती-पालखीची त्या दिवसातली वेळ आधी विचारून ठेवा आणि नेमके तेव्हा पोहोचा, मग वीस मिनिटं पुरतात. पावसाळ्यात मात्र निघण्यापूर्वी नदीचं पाणी किती आहे आणि रस्ता चालू आहे का, याची चौकशी करा. बाकी चार नावं यादीतून खोडा.