आपल्या हातून घडणाऱ्या सत्कृत्यांची जाण

‘दान’ हा शब्द उच्चारताच आपल्या मनात प्रथम पैसा येतो. जकात, सदका व फित्रा यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्याच्यापाशी निसाबाइतकी संपत्ती नाही, तो यामुळे स्वतःला देणाऱ्यांमध्ये धरीतच नाही. घर सांभाळणारी स्त्री, निवृत्त वृद्ध, रोजंदारीवरील कामगार यांच्या तोंडून ‘आमच्या हातून कुणाचे काय भले होणार?’ हा उद्गार वारंवार ऐकू येतो. वरवर तो नम्रतेचा वाटतो. वास्तविक तो प्रेषितांच्या शिकवणीशी जुळत नाही.

माननीय अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसनुसार, सूर्य उगवणाऱ्या प्रत्येक दिवशी माणसाच्या प्रत्येक सांध्यावर एक सदका देय असतो. तो कसा फेडावा हेही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे: दोघांमध्ये न्याय करणे, कुणाला वाहनावर बसण्यास किंवा त्यावर सामान चढविण्यास हात देणे, चांगला शब्द बोलणे, नमाजसाठी पाऊल टाकणे आणि वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

आता हीच हदीस आपल्या उपनगरांत वाचून पाहावी. बोरिवलीहून सुटलेल्या लोकलच्या गर्दीत अनोळखी प्रवाशाची पिशवी हातोहात रॅकवर पोहोचते. तिघांच्या बाकावर थोडे सरकून चौथ्याला टेकू दिले जाते. अंधेरीच्या पुलावर गोंधळलेल्या पाहुण्याला कुणी मेट्रोचा जिना दाखवितो. घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात शेजारणीला केसपेपर काढून देण्यासाठी कुणी रांगेत उभी राहते. मुलुंडच्या एखाद्या चाळीत न शिकलेल्या आजोबांना औषधाच्या पाकिटावरील मजकूर वाचून दाखविला जातो. करणारा हे सारे विसरून जातो. कुरआनच्या सूरह मुजादलामध्ये (५८:११) मजलिसीत जागा करून देणाऱ्यांसाठी अल्लाह विशालता निर्माण करील, असे आश्वासन आहे. आयत मजलिसीविषयी आहे. पण दुसऱ्यासाठी स्वतः आक्रसून घेण्याचा तिचा आशय लोकलच्या बाकालाही लागू पडतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद पडल्या आणि हजारो माणसे पाण्यातून चालत घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीकडे निघाली. हातात हात धरून अनोळखी माणसांनी एकमेकांना पाण्यापार केले. वाटेवरच्या रहिवाशांनी पाणी, चहा, बिस्किटे दिली, घरांची दारे उघडली. त्या दिवसाचे स्मरण आजही आदराने केले जाते. पण असे औदार्य एका रात्रीत उगवत नाही. रोज सरकून जागा देण्याची सवय असलेल्या माणसाचाच हात संकटात आपोआप पुढे होतो. मोठ्या सत्कृत्यांची मुळे लहान सत्कृत्यांत असतात.

येथे एक शंका रास्त आहे. आपल्या चांगल्या कृत्यांकडे पाहू लागलो तर अहंकार बळावणार नाही काय? उपकार बोलून दाखविल्याने व दुखावल्याने दान वाया जाते, असे कुरआन (२:२६४) बजावते. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, अशी दानाची गुप्तता प्रेषितांनी वाखाणली आहे. मग जाण कशाला हवी?

याचे उत्तर निय्यतमध्ये आहे. कर्मे निय्यतवर अवलंबून असतात, हे आपण जाणतो. एखादे कृत्य सत्कृत्य आहे हेच ठाऊक नसेल, तर ते अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी करण्याची निय्यत कशी होणार? ते केवळ सवय म्हणून घडेल आणि थकव्याच्या दिवशी सुटून जाईल. म्हणूनच कोणतेही सत्कृत्य क्षुल्लक समजू नये, मग ते भावाला हसतमुखाने भेटणे का असेना, अशी ताकीद प्रेषितांनी माननीय अबूजर (रजि.) यांना दिली. सूरह माऊनमध्ये तर दिखाऊपणा आणि नित्य वापराची साधी वस्तू नाकारणे, हे दोन्ही दोष शेजारीशेजारी निषेधिले आहेत. दिखाव्याच्या भयाने लहान मदतीला तुच्छ लेखणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

जाण आणि अहंकार यांतील भेद ओळखणे कठीण नाही. अहंकारी माणूस आपला उपकार दुसऱ्याच्या नावे उधारीत मांडतो आणि परतफेडीची वाट पाहतो. जाण असलेला माणूस अल्लाहने आपल्याला संधी दिली म्हणून कृतज्ञ होतो. शिवाय, सरकून जागा देण्याचे मोल ज्याला कळले, त्याला आपल्यासाठी सरकलेली माणसेही दिसू लागतात. आणि जो लोकांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही आभार मानीत नाही, असे हदीसमध्ये आले आहे.

म्हणून इशाच्या नमाजनंतर घटकाभर मुहासबा करावा. आज माझ्यामुळे कुणाचे ओझे हलके झाले? आज कुणी माझे ओझे हलके केले? पहिल्या उत्तराने निराशा दूर होईल, दुसऱ्याने गर्व. कणभर सत्कर्मही त्या दिवशी समोर येणार आहे, असे सूरह जिलजाल सांगते. जे अल्लाहच्या तराजूत मोजले जाणार आहे, त्याला आपण शून्य कसे म्हणावे?

अल्लाह आपल्या लहानमोठ्या सत्कृत्यांचा स्वीकार करो व त्यांना दिखाव्यापासून सुरक्षित ठेवो. आमीन.