मृतांचा न्याय, जिवंत मित्र

सूड आणि न्याय यांतील सीमारेषा नेमकी कुठे ओढावी, हा प्रश्न आमच्यापुढे एका चिनी मालिकेने उभा केला. २०१५ सालची ‘लांगया बांग’ ५४ भागांची आहे. लियांग राज्य काल्पनिक; दरबारातील डावपेच व राजपुत्रांची चढाओढ मात्र चिनी ऐतिहासिक मालिकांना साजेशीच. राजद्रोहाच्या खोट्या आरोपावरून ७०,००० सैनिकांची कत्तल होते. मेला असे समजला गेलेला सेनापतिपुत्र लिन शू बारा वर्षांनी मेइ चांगसू या नावाने राजधानीत परततो. चेहरा पालटलेला, देह खंगलेला.

त्याला सम्राटाचे मस्तक नको. खटला पुन्हा चालावा, मृतांच्या नावांवरील कलंक पुसला जावा, एवढेच हवे. याला सूड म्हणण्यास आमची जीभ रेटेना.

पण वाढदिवसाच्या प्रसंगापाशी आम्ही अडखळलो. जिंगरुईने चांगसूला मित्र म्हणून स्वतःच्या घरी उतरवून घेतले होते. त्याच्याच वाढदिवशी, भर मेजवानीत, तो ज्याला पिता मानतो त्या शिए यूचे कपट चांगसू चव्हाट्यावर आणतो. अपराधी सापडतो खरा. पण हा आपला जन्मदाताच नव्हे, हेही त्या रात्री जिंगरुईला सर्वांसमक्ष कळते. त्याचा अपराध कोणता?

पुढे त्याचीच आई सम्राटाच्या वाढदिवशी फेरचौकशी मागते. तिथे मान खाली जाते ती सत्ताधीशाची, आणि ती जावी असेच आम्हांस वाटले.

जिंगरुई मित्राला दोष देत नाही. चांगसूने एक गोष्ट निवडली आणि आपल्याला सोडले, इतकेच तो जाणतो. चांगसूपाशी त्यावर उत्तर नाही.